फळमाशीच्या नव्या जनुकांची नावं आणि नोंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडच्या कॉलेजांतली मुलं-मुली हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा पाठवतात. बहुतेकांची शाळा मराठी, बाजारातलं बोलणं कन्नड आणि बीएस्सीला एकदम इंग्रजी पुस्तक. त्यात फळमाशीचं प्रकरण उघडलं की जर्मन आणि जपानी नावं समोर येतात आणि मुलं गांगरतात. त्यांचा दोष नाही. ही नावं कुठून आली हे कुणी सांगितलं नाही तर ती पाठ करण्यापलीकडे काही उरत नाही, आणि पाठ केलेलं परीक्षेनंतर आठवडाभर टिकत नाही. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ज्याला जो प्रश्न पडलाय तो त्यानं थेट उघडावा. दुसऱ्या उत्तराची गरज लागेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, फणसावर घोंगावणारी चिलटं म्हणजेच ही फळमाशी का? आंब्यात अळी पडते ती पण हीच का?

चिलटं हो, आंब्यातली अळी नाही. मराठीत दोघींनाही फळमाशी म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. आंब्यात अळी पाडणारी माशी बॅक्ट्रोसेरा गटातली. ती झाडावरच्या चांगल्या फळाच्या सालीला टोचून आत अंडी घालते, आणि शेतकऱ्याचं नुकसान तीच करते. आपली ड्रोसोफिला, म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात ती फळमाशी, आंबू लागलेल्या फळावर येते, कारण तिला यीस्ट हवं असतं.

मे महिन्यात खानापूरकडच्या घरात फणस फोडला की पाटीतल्या चारखंडांवर दोन-तीन मिलिमीटरची, पिवळट अंगाची, लाल डोळ्यांची चिलटं जमतात. त्यात अनेक जाती असतात. नराच्या पोटाचं टोक काळंभोर दिसलं तर ती ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर असण्याची शक्यता आहे. ‘मेलॅनोगास्टर’चा अर्थच काळ्या पोटाची. माइगेन यांनी १८३० साली हे नाव दिलं. पुढची सगळी उत्तरं याच जातीबद्दल आहेत, इतर जातींसाठी प्रश्न १४ पाहा.

२. जनुकांना नावं कशाला? सरळ नंबर दिले तर सोपं नाही का होणार?

नंबर आहेतच, पण नंबर घेऊन माणसाला विचार करता येत नाही. बेळगावात घरावर ‘मातृछाया’ लिहिलेलं असतं आणि पोस्टमन त्यावरून घर ओळखतो. खरेदीखत करायला गेलात की मात्र सीटीएस नंबरच लागतो. दोन्ही हवेत, दोघांचं काम वेगळं.

फळमाशीच्या प्रत्येक जनुकाला तीन गोष्टी असतात. पूर्ण नाव, उदाहरणार्थ ‘व्हाइट’. त्याचं छोटं चिन्ह, इथे लहान लिपीतलं डब्ल्यू. आणि कायमचा नोंदणी क्रमांक, एफबीजीएन०००३९९६. एफबीजीएन ही अक्षरं फ्लायबेस या सूचीतली जनुकाची नोंद दाखवतात, पुढे सात अंक असतात. फ्लायबेस १९९२ मध्ये सुरू झालं. त्याआधी ही सूची ग्रंथरूपात छापली जायची: ब्रिजेस आणि ब्रेमे यांनी १९४४ साली, लिंड्सली आणि ग्रेल यांनी १९६८ साली, लिंड्सली आणि झिम यांनी १९९२ साली. एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या हाती वही सोपवावी तशी ही सूची चालत आली आहे.

३. डोळे लाल होण्यासाठी लागणाऱ्या जनुकाचं नाव ‘व्हाइट’ कसं? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि तो सुटला की निम्मं प्रकरण सुटतं.

१९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला. त्याचे संकर करून त्यांनी दाखवलं की हा रंग नर-मादीच्या भेदाशी जोडून पिढ्यांत उतरतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याचं त्यातून पुढे आलं. पण जनुक हा पदार्थ कशाचा बनलाय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हाती एकच निरीक्षण होतं: काहीतरी बिघडलं की डोळा पांढरा होतो. म्हणून बिघाडाचं नाव जनुकाला लागलं.

स्वयंपाकघरात बघा. समजा मीठ नावाची वस्तू तुम्हाला ठाऊकच नाही. रोज आमटी नीट होते. एके दिवशी ती अळणी लागते आणि शोधता शोधता कळतं की एका डब्यातली पूड पडायची राहिली. तुम्ही त्या पुडीलाच ‘अळणी’ नाव दिलंत. आता ‘अळणी’ घातली की आमटीला चव येते. ऐकायला उलटं वाटतं, पण नाव देताना तुम्ही जे चाखलं तेच प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

व्हाइटचं तसंच आहे. त्या जनुकापासून होणारं प्रथिन पेशीतल्या पडद्यात बसून डोळ्याच्या रंगद्रव्यांचा कच्चा माल आत घेतं. ते नसलं की लाल रंगही बनत नाही आणि तपकिरीही बनत नाही. ‘आयलेस’चं उदाहरण तर डोळे दिपवणारं आहे. ते बिघडलं तर डोळा लहान होतो किंवा नाहीसा होतो, म्हणून नाव आयलेस. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेनं हेच जनुक माशीच्या पायात आणि पंखात चालू करून दाखवलं, आणि तिथे डोळे उगवले.

मी वर्गात एकच युक्ती सांगते. फळमाशीच्या जुन्या जनुकाचं नाव वाचलं की मनात त्याच्याआधी ‘हे बिघडलं तर’ एवढे शब्द जोडा. हे बिघडलं तर पंख नाहीत: विंगलेस. हे बिघडलं तर डोळ्याच्या प्रत्येक घटकातली सातवी प्रकाशपेशी नाही: सेव्हनलेस.

४. काही चिन्हं लहान अक्षरानं सुरू होतात, काही मोठ्या. कशावरून ठरतं?

जनुकाचं नाव पहिल्यांदा ज्या बिघाडावरून पडलं तो अप्रभावी (दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणारा) असेल तर पहिलं अक्षर लहान, प्रभावी (एकच प्रत बिघडली तरी दिसणारा) असेल तर मोठं. व्हाइट अप्रभावी, म्हणून लहान डब्ल्यू. ‘नॉच’मध्ये एकच प्रत बिघडली तरी पंखाच्या कडेला खाच पडते, म्हणून मोठा एन. नाव बिघाडावरून न पडता प्रथिनावरून किंवा दुसऱ्या प्राण्यातल्या जोडीदार (म्हणजे एकाच पूर्वज-जनुकापासून आलेल्या) जनुकावरून पडलं असेल तरीही अक्षर मोठं. अल्कोहोल डीहायड्रोजिनेजचं ‘एडीएच’ असं आहे, त्यातला ए मोठा आणि पुढची दोन लहान.

हा नियम उत्तरपत्रिकेत सजावट म्हणून पाळायचा नसतो. लहान एच म्हणजे ‘हेअरी’, माशीच्या अंगावर जास्तीचे केस. मोठा एच म्हणजे ‘हेअरलेस’, केस गायब. दोन वेगळी जनुकं, दोन्ही तिसऱ्याच गुणसूत्रावर पण वेगळ्या जागी. लहान बी म्हणजे ‘ब्लॅक’, मोठा बी म्हणजे ‘बार’. म्हणून फोनवर ‘एच जनुक’ म्हणू नका, पूर्ण नाव घ्या.

प्रभावी-अप्रभावी हा खरं तर जनुकाचा गुण नाही, जनुकाच्या त्या एका रूपाचा, म्हणजे त्या एका अ‍ॅलीलचा गुण आहे. नॉचचे अप्रभावी अ‍ॅलील पुढे सापडले, तरी मोठा एन लहान झाला नाही. छापताना जनुक तिरप्या ठशात, प्रथिन सरळ ठशात आणि पहिलं अक्षर मोठं. हातानं लिहिताना जनुकाच्या चिन्हाखाली रेघ ओढा.

५. नावं इतकी चमत्कारिक का असतात?

शेकडो बिघाड एकमेकांपासून वेगळे लक्षात ठेवायचे तर आठवणीला खिळा लागतो, आणि गोष्ट हा चांगला खिळा आहे. ‘टिनमन’ बिघडलं तर माशीला हृदयच होत नाही. नाव एका गाजलेल्या इंग्रजी बालकथेतल्या, हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून. सेव्हनलेसला शेजारच्या पेशीतून इशारा देणारं ‘ब्राइड ऑफ सेव्हनलेस’, आणि तो इशारा पेशीच्या आत पुढे नेणारं ‘सन ऑफ सेव्हनलेस’. नवरा-बायको-मुलगा या नात्यातच इशाऱ्याचा मार्ग बसवला आहे.

मला सगळ्यांत आवडतो तो ट्यूडर, वासा, स्टाउफेन, व्हालोआ हा गट. ही युरोपातल्या राजघराण्यांची नावं. या जनुकांत बिघाड असलेल्या मादीला पिल्लं होतात, पण त्या पिल्लांच्या अंगात पुढची पिढी घडवणाऱ्या बीजपेशीच नसतात. मुलं होतात, नातवंडं होत नाहीत. घराणी खुंटली, म्हणून ही नावं. आपल्या जिल्ह्यात हे समजवायला युरोपात जायला नको. १८२४ साली कित्तूरच्या गादीला औरस वारस उरला नाही, दत्तक कंपनी सरकारनं मानलं नाही आणि त्यावरून राणी चन्नम्मांची लढाई पेटली. हा दाखला दिला की माझ्या वर्गात ट्यूडर पुन्हा सांगावं लागत नाही.

एका नावावर मात्र माझा राग आहे. शिकता न येणाऱ्या माश्यांवरून १९७६ साली पुढे आलेलं ‘डन्स’. मंद मुलाला हिणवायचा हा शब्द आहे. काम फार मोलाचं, कारण स्मरणशक्तीच्या रसायनाची वाट त्यातून उघडली. पण शिक्षकाच्या तोंडी हा शब्द येऊ नये असं मला वाटतं, आणि मी तो वर्गात अर्थ न फोडता फक्त नाव म्हणून उच्चारते.

६. मी शोधलेल्या जनुकाला मराठी नाव देता येईल का?

येईल. रोमन लिपीत लिहिता आलं पाहिजे एवढंच. ‘फुशी ताराझू’ जपानी आहे, अर्थ ‘खंड अपुरे’. ‘शिबिरे’ही जपानी: बधिर होणं. तापमान वाढलं की ती माशी लुळी पडते. ‘क्रुप्पेल’ आणि ‘टोल’ जर्मन. क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ट आणि एरिक वीशाउस यांना १९९५ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, त्याच कामातून अशी कितीतरी नावं निघाली. जपानी आणि जर्मन माणसानं आपल्या भाषेतला शब्द ठेवला आणि जगानं तो उच्चारायला शिकून घेतला. मराठीनं का लाजावं?

शब्द निवडताना दोन गोष्टी बघा. चिन्ह दोन-चार अक्षरांचं निघावं आणि ते आधी कुणी घेतलेलं नसावं (प्रश्न ८). आणि तो शब्द दुसऱ्या भाषेत भलताच अर्थ देत नाही ना, हे विचारून घ्या. सीमाभागातल्या मुलांना हे सांगायला नको. आपण ‘हाल’ म्हटलं की कष्ट, आणि शेजारच्या आक्कांच्या ‘हालु’मध्ये दूध.

उलट बाजूही सांगते. मराठीत लिहिताना असलेल्या नावांचं भाषांतर करू नका. एका मुलानं प्रकल्पात ‘नेत्रहीन जनुक’ असं लिहिलं होतं. भाषा सुंदर, पण त्या नावानं जगातल्या कुठल्याही सूचीत काही सापडणार नाही. ‘आयलेस’ लिहा, आणि अर्थ एकदा वाक्यात सांगा.

७. वेगळी दिसणारी माशी सापडली. नवीन जनुक सापडलं असं म्हणू का?

इतक्यात नको. आधी माशी एक दिवस सांभाळा.

एका दुपारी एक मुलगी धावत आली. तिच्या बाटलीत ‘पंख नसलेली’ माशी होती. मी भिंगाखाली बघितलं: अंग फिकट, जवळजवळ पांढरं, पोट फुगीर आणि पाठीवर पंखांची दोन चुरगळलेली बोचकी. कोषातून नुकतीच बाहेर आलेली माशी होती. आम्ही दोघी बघत बसलो. थोड्या वेळात बोचकी उलगडली, पंख काचेसारखे सपाट झाले आणि अंगावर रंग चढू लागला. ती मुलगी हिरमुसली, पण माझ्या मते तिनं त्या दिवशी पुस्तकात न मिळणारी गोष्ट पाहिली.

दुसरी शक्यता खाण्याची. आपल्याकडे माश्यांना रवा, गूळ आणि अगर शिजवून, बुरशी लागू नये म्हणून त्यात थोडं प्रोपिऑनिक आम्ल घालून खाद्य देतात. खाद्य पातळ झालं, बाटलीत गर्दी झाली, तरी पंख चिकटून वाकडे होतात. म्हणून त्या माशीची संतती नव्या बाटलीत घ्या. पंचवीस अंश तापमानाला दहाएक दिवसांत पिढी निघते. गुण पुढच्या पिढ्यांत ठरावीक प्रमाणात उतरला तरच तो आनुवंशिक.

मग खरा प्रश्न येतो: हे जनुक आधी कुणाला सापडलेलं आहे का? दोन अप्रभावी म्युटंट (बिघाड असलेल्या) माश्यांचा संकर करा. संततीत एक प्रत या बाजूची, एक त्या बाजूची. संतती निरोगी निघाली तर जनुकं वेगळी, कारण एकीची उणीव दुसरीनं भरली. संतती बिघडलेलीच निघाली तर बहुधा दोन्ही एकाच जनुकाचे अ‍ॅलील. ‘बहुधा’ म्हणते, कारण प्रभावी बिघाडाला ही चाचणी लागू पडत नाही, आणि कधी कधी एकाच जनुकाचे दोन अ‍ॅलीलही एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून आता डीएनएचा क्रम वाचून आणि निरोगी प्रत घालून माशी सुधारते का हे बघून खात्री करतात.

ही खात्री का लागते ते ‘ईजीएफआर’वरून कळतं. अंड्याचा आकार बिघडवणारं ‘टॉर्पेडो’, भ्रूण मारणारं ‘फेंट लिटल बॉल’ आणि डोळा खरबरीत करणारं प्रभावी ‘एलिप्स’ वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या कामांत सापडली. शेवटी तिन्ही एकच जनुक निघालं.

८. नाव मंजूर कोण करतं? अर्ज कुठे करायचा?

शिक्का मारणारं ऑफिस नाही. शोधणारा नाव सुचवतो, शोधनिबंधात छापतो आणि फ्लायबेसचे नोंदकर्ते निबंध वाचून नोंद करतात. साधारणपणे आधी छापलेल्या नावाला मान. निबंध पाठवण्याआधीच त्यांना लिहून विचारावं, ते आनंदानं मदत करतात. तुम्ही करायचं काम म्हणजे नाव आणि चिन्ह दोन्ही शोधून बघणं, फक्त चालू नावांत नाही तर जुन्या पर्यायी नावांतही (प्रश्न १०). नाव आटोपशीर असावं, कुणाला दुखावणारं नसावं, आणि चिन्हाच्या पुढे ड्रोसोफिलाचा ‘डी’ किंवा ‘डीएम’ चिकटवू नये. घरातल्या प्रत्येकाच्या नावाआधी ‘बेळगावचा’ लावण्यासारखं ते होतं.

प्राण्यांच्या जातींच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम जनुकांना लागू नाहीत. ते वेगळं खातं. त्या खात्यात २०१० साली मेलॅनोगास्टरवरून मोठा वाद निकालात निघाला: ड्रोसोफिला प्रजातीची (जातींच्या गटाची) नमुना-जाती, म्हणजे जिच्याशी प्रजातीचं नाव बांधलेलं असतं ती जाती, फुनेब्रिसऐवजी मेलॅनोगास्टर करावी ही मागणी हे नियम सांभाळणाऱ्या आयोगानं फेटाळली. उद्या प्रजाती फोडली गेली तर आपल्या माशीचं आडनाव सोफोफोरा होऊ शकतं. जनुकांच्या नावांवर त्याचा परिणाम नाही.

९. निबंधांत ‘सीजी’ आणि पुढे आकडे असं लिहिलेलं असतं. ते नाव आहे का?

नाव ठेवायचं राहिलेल्या बाळासारखं ते आहे. माशीचा संपूर्ण जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या डीएनएचा क्रम, मार्च २००० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा संगणकानं सुमारे १३,६०० जनुकं ओळखली, आणि प्रत्येकाला सीजी क्रमांक मिळाला. व्हाइटलाही आहे, सीजी२७५९. प्रथिन न बनवणाऱ्या आरएनए जनुकांना सीआर. क्रमांकावरून जनुक कुठल्या जागी आहे हे कळत नाही.

आजही हजारो जनुकं फक्त सीजी क्रमांकावर आहेत, कारण ती काय करतात हे कुणी तपासलेलं नाही. हे मी मुलांना मुद्दाम सांगते. ‘सगळं शोधून झालंय’ असं बारावीनंतर बऱ्याच जणांना वाटतं. काम तपासून दाखवलंत तर नाव सुचवायचा हक्क तुमचा.

१०. एकाच जनुकाची चार नावं दिसतात. खरं कुठलं मानायचं?

फ्लायबेसवर सर्वांत वर असतं ते चालू नाव, बाकीची पर्यायी. लिहिताना चालू नाव वापरा आणि पहिल्या उल्लेखात एफबीजीएन क्रमांक द्या, म्हणजे वीस वर्षांनी वाचणाराही चुकणार नाही.

पर्यायी नावं मात्र कधीच पुसली जात नाहीत, आणि ते योग्य आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. घरात आपण बेळगाव म्हणतो, आजोबांच्या इंग्रजी दाखल्यावर बेलगाम आहे. जुना दाखला शोधायचा तर जुनं नाव माहीत असावं लागतं. १९९० सालच्या निबंधात टॉर्पेडो वाचलंत तर ते ईजीएफआरकडे नेणारी वाट उघडी असली पाहिजे, नाहीतर त्या माणसाचं काम हरवलं.

११. एफबीजीएन क्रमांक तरी कायमचा ना?

जनुकाची नोंद बदलली नाही तोवर. दोन नोंदी एकच जनुक निघाल्या, की एक क्रमांक मुख्य राहतो आणि दुसरा दुय्यम म्हणून त्याच नोंदीत जातो. एका नोंदीतून दोन जनुकं निघाली, की जुना क्रमांक दोन्हीकडे दुय्यम म्हणून दिसतो. जमिनीचे पोटहिस्से पडले की जुन्या उताऱ्यावरून दोन्ही हिस्सेदारांपर्यंत पोचता येतं, तसंच. म्हणून जुन्या यादीवर काम करताना आधी क्रमांक फ्लायबेसवर ताजे करून घ्या. गुणसूत्रावरच्या जागेचे आकडे तर जीनोमच्या आवृत्तीप्रमाणे सरकतात, म्हणून पाचवी की सहावी आवृत्ती हे लिहिल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

१२. बाटलीच्या लेबलावर नेमकं काय लिहायचं?

जनुकाचं चिन्ह, त्याच्या डोक्यावर अ‍ॅलील, आणि तारीख. एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर जाताना अर्धविराम. क्रम एक्स, वाय, दोन, तीन, चार. जोडीच्या दोन गुणसूत्रांमध्ये तिरपी रेघ. निरोगी प्रत दाखवायला डोक्यावर अधिकचं चिन्ह.

अ‍ॅलील गाळू नका. मी शिकत होते त्या प्रयोगशाळेत एका ट्रेवर नुसतं ‘पांढरे डोळे’ लिहिलेल्या बाटल्या होत्या. लिहिणारा शिकून निघून गेला. त्या व्हाइट १ च्या होत्या की व्हाइट १११८ च्या हे कुणालाच सांगता येईना, आणि दोन्हींचे डोळे सारखेच पांढरे. डोळ्यांनी फरक कळत नाही तिथे लेबल हाच एक पुरावा असतो. महिनाभराचं काम आम्ही टाकून दिलं.

१३. चिन्हात कंस आणि मध्येच आकडे कशासाठी?

कंसातला आकडा बहुतेकदा गुणसूत्राचा. एल, कंसात दोन, पुढे जीएल: दुसऱ्या गुणसूत्रावरचं, बिघडलं तर जीव घेणारं, ‘जायंट लार्व्ही’ म्हणजे अळ्या अवाढव्य वाढवणारं जनुक. कंसात आकड्याऐवजी दुसऱ्या जनुकाचं किंवा गुणाचं चिन्ह असेल आणि आधी ‘एसयू’ असेल तर हे जनुक त्या बिघाडाला दाबतं; ‘ई’ असेल तर वाढवतं.

‘अ‍ॅक्ट५सी’मधला ५सी हा पत्ता आहे. अळीच्या लाळग्रंथीतल्या जाडजूड गुणसूत्रांवर आडवे पट्टे दिसतात. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९३५ साली ते मोजून १०२ भाग पाडले आणि प्रत्येकाचे ए ते एफ असे सहा तुकडे केले. एक ते वीस एक्सवर. पाचव्या भागातल्या सी तुकड्यातलं अ‍ॅक्टिन म्हणून अ‍ॅक्ट५सी. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून एका माणसानं आखलेला हा नकाशा आजही पत्ता म्हणून चालतो, याचं मला दर वर्षी शिकवताना नवल वाटतं.

१४. दुसऱ्या जातीच्या माशीत किंवा माणसात तेच जनुक असेल तर?

दुसऱ्या जातीसाठी चिन्हाआधी चार अक्षरी जातीचं नाव आणि उलटी तिरपी रेघ: सिम्युलन्सच्या व्हाइटला ‘डीसिम’ रेघ डब्ल्यू. म्हैसूर विद्यापीठाच्या ड्रोसोफिला संग्रहातल्या जातींवर काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

माणसाच्या जनुकांची नावं वेगळी समिती ठरवते आणि तिथे सगळी अक्षरं मोठी. माशीतल्या ‘हेजहॉग’वरून सस्तन प्राण्यांतल्या जनुकाला ‘सॉनिक हेजहॉग’ नाव पडलं. ते बिघडलं तर बाळाच्या मेंदूचे दोन भाग नीट वेगळे होत नाहीत. अशा बाळाच्या आईला डॉक्टर हे नाव कसं सांगणार? हा विचार नाव ठेवणाऱ्यानं आधीच करावा. आज माशीत ठेवलेलं नाव उद्या दवाखान्यात उच्चारलं जाऊ शकतं.

१५. प्रथिन न बनवणाऱ्या जनुकांना नावं मिळतात का?

मिळतात. ‘बँटम’ हे सूक्ष्म आरएनएचं जनुक. ते नसलं की वाढ खुंटते, म्हणून ठेंगण्या कोंबडीच्या जातीचं नाव. बाकी नियम तेच.

१६. एक्सेलमध्ये यादी टाकली आणि जनुकांच्या जागी तारखा आल्या!

‘डेक-१’ हे जुनं चिन्ह टाकून बघा, एक्सेल त्याची १ डिसेंबर करतं. माणसाच्या जनुकांत याचा इतका त्रास झाला की २०२० मध्ये मार्च आणि सेप्टनं सुरू होणारी चिन्हं समितीनं बदलून टाकली. चिन्हं भरण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करा आणि शेजारी एफबीजीएन क्रमांकाचा रकाना ठेवा. चिन्हाची तारीख झाली तरी जनुक हातचं जात नाही.

१७. नाव ठेवून झालं आणि नंतर समज चुकीची निघाली, तर नाव बदलतात का?

सहसा नाही. नाव हे पहिल्या निरीक्षणाची नोंद आहे, आजच्या ज्ञानाचा सारांश नाही. जनुकं एकच निघाली तर मात्र नोंदी एकत्र होतात. ‘कर्ली’चं तसं झालं. वरच्या बाजूला वळलेले पंख, प्रभावी, म्हणून पहिलं अक्षर मोठं. जगभरच्या प्रयोगशाळांत ही माशी खूण म्हणून अनेक दशकं वापरली गेली, आणि २०१५ मध्ये कळलं की कर्ली हा ‘ड्युऑक्स’ या एन्झाइमच्या जनुकाचा अ‍ॅलील आहे. बाटल्यांवरचं सीवायओ (कर्लीची खूण असलेल्या गुणसूत्राचं चिन्ह) मात्र तसंच राहिलं.

जास्त फसवणारी चूक दुसरीकडची. माशीच्या दिवस-रात्रीच्या घड्याळात ‘पीरिअड’च्या जोडीनं ‘टाइमलेस’ काम करतं. सस्तन प्राण्यांत तसंच दिसणारं जनुक सापडलं आणि त्यालाही टाइमलेस नाव मिळालं. नंतर माशीतच दुसरं जनुक मिळालं, ‘टाइमआउट’, आणि सस्तन प्राण्यांतलं टाइमलेस हे खरं तर टाइमआउटचं जोडीदार आहे असं दिसलं. नावं दोन्हीकडे तीच राहिली. म्हणून माशीतल्या टाइमलेसबद्दल वाचलेलं माणसातल्या टाइमलेसला लावण्याआधी फ्लायबेसवर माशीच्या टाइमलेस आणि टाइमआउट दोघांच्या नोंदी उघडा, जोडीदारांच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा आणि मगच वाक्य लिहा.